चेडवर्थ व्हिला

चेडवर्थ व्हिला : इंग्लंडमधील रोमन काळातील एका ग्रामीण प्रासादाचे अवशेष. ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या प्रदेशात सायरेन्सेस्टर या शहराच्या उत्तरेस सु. १३ किमी. वर, कोल्न नदीच्या खोऱ्यातील एका लहानशा दरीच्या तोंडाशी ते आहेत. इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात येथे साध्या वास्तू उभ्या राहिल्या आणि चौथ्या शतकात त्यांचे एका भव्य व सुखसोयींनी युक्त अशा प्रासादात रूपांतर झाले. ब्रिटनमधील ज्ञात रोमन व्हिलांपैकी मोठ्या व सुस्थितीत उरलेल्या व्हिलांमध्ये चेडवर्थची गणना होते. कुट्टिमचित्रे, दोन स्नानगृहे आणि निर्झराचे कुंड यांसाठी हे स्थळ पूर्वीपासून प्रसिद्ध होतेच. तथापि येथील एका दालनाच्या फरसबंदीचा काळ २०२० मध्ये नव्याने निश्चित झाला आणि रोमन ब्रिटनचा अंत केव्हा व कसा झाला, या जुन्या प्रश्नाच्या चर्चेत चेडवर्थला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले.

व्हिला संकल्पना : आधुनिक काळात ‘व्हिला’ या शब्दाने बागबगीचा असलेला टुमदार बंगला सूचित होतो. रोमन लोकांच्या दृष्टीने मात्र व्हिला म्हणजे शेतजमिनीसह असलेले गावाबाहेरचे घर होय. इटलीत इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून धनिकांच्या मोठ्या शेतमळ्यांची वाढ झाली. थोरला केटो, व्हॅरो व कॉल्युमेला या लेखकांनी अशा मळ्यांची व्यवस्था कशी ठेवावी, यावर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिले. कॉल्युमेलाने इ. स. पहिल्या शतकात व्हिलाचे तीन भाग सांगितले आहेत : मालकाच्या निवासाचा ‘उर्बाना’, शेतकामकरी व जनावरे यांचा ‘रुस्टिका’ आणि धान्य, तेल, मद्य इत्यादींच्या साठवणीचा ‘फ्रुक्टुआरिया’. निवासाचे ठिकाण, उत्पादनाचे केंद्र आणि प्रतिष्ठेचे चिन्ह असे व्हिलाचे तिहेरी स्वरूप या विभागणीवरून ध्यानात येते. या वैभवाचा पाया गुलामांच्या श्रमांवर उभा होता. थकलेले बैल आणि मोडकी अवजारे यांच्याबरोबर म्हातारा व आजारी गुलामही विकून टाकावा, असा सल्ला केटोने मालकांना दिलेला आहे. कोणत्याही व्हिलाच्या चित्रमय फरशा पाहताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

क्लॉडियस या सम्राटाच्या सैन्याने इ. स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतर रोमन धर्तीची नगरे, रस्ते व व्हिला दक्षिण ब्रिटनमध्ये पसरू लागले. ब्रिटनमधील बहुसंख्य व्हिला इटलीहून आलेल्या वसाहतकारांचे नसून रोमन चालीरीती स्वीकारलेल्या स्थानिक सरदारघराण्यांचे असावेत, असे मानले जाते. कॉट्सवोल्ड प्रदेशात डोबुनी या जमातीची वस्ती होती. तिचे मुख्य नगर कोरिनियम (आधुनिक सायरेन्सेस्टर) हे विस्ताराच्या दृष्टीने रोमन ब्रिटनमध्ये लंडनच्या खालोखाल होते आणि चौथ्या शतकात एका प्रांताची ती राजधानी असावी. एक्सेटरपासून लिंकनपर्यंत जाणारा फॉस वे हा राजमार्ग कोरिनियमवरून जात असे व तो चेडवर्थपासून फार दूर नव्हता. सुपीक जमीन, मेंढपाळीस योग्य अशी टेकड्यांवरील कुरणे, बांधकामास उत्तम असा चुनखडक आणि जवळच मोठी बाजारपेठ, या अनुकूलतेमुळे चौथ्या शतकात या परिसरात संपन्न व्हिलांची दाटी झाली. वुडचेस्टर, ग्रेट विटकोम, नॉर्थ ली हे त्यांपैकी काही होत.

शोध व उत्खनन : चेडवर्थच्या जंगलात १८६४ मध्ये ससे पकडण्यासाठी फेरेट हा मुंगसासारखा पाळीव प्राणी बिळात सोडला असता तो आतच अडकला. त्याला बाहेर काढण्यासाठी शिकारी रानाच्या रखवालदाराने जमीन खणली, तेव्हा मातीबरोबर रंगीत दगडांचे लहान लहान चौकोनी तुकडे वर आले, अशी कथा सांगितली जाते. ही जमीन अर्ल ऑफ एल्डन यांच्या जहागिरीत होती. त्यांचे आप्त जेम्स फॅरर यांना पुराणवस्तुसंशोधनाची आवड होती. त्यांच्या देखरेखीखाली मजूर लावून उत्खननाचे काम सुरू झाले आणि थोड्याच अवधीत झाडे तोडून, मातीचे ढिगारे उपसून व्हिलाचा मोठा भाग उघडा करण्यात आला. उतारावरून शतकानुशतके वाहून आलेल्या मातीने भिंती झाकल्या गेल्यामुळे त्या बऱ्याच उंचीपर्यंत शाबूत राहिल्या होत्या.

या उत्खननाचे गुणदोष दोन्ही लक्षात घ्यावे लागतात. त्या काळच्या प्रथेप्रमाणे फरशी हे उत्खननाचे उद्दिष्ट होते. फरशीवरची माती म्हणजे दूर सारावयाचा अडथळा, अशी समजूत असल्यामुळे ती फावड्याने काढून टाकण्यात आली. कोणती वस्तू कोणत्या दालनात व किती खोलीवर सापडली, याच्या पुरेशा नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत. वास्तूचा वापर संपत आला असताना तेथे कोण राहत होते, त्यांनी चुली कोठे मांडल्या, छप्पर केव्हा कोसळले, हे सांगू शकणारे थर त्या मातीबरोबरच नाहीसे झाले. उलटपक्षी, एल्डन कुटुंबाने उघड्या पडलेल्या अवशेषांची उपेक्षा केली नाही. मुख्य कुट्टिमचित्रांवर छपरे घालण्यात आली, भिंतींच्या माथ्यावर चपट्या दगडी कौलांची छोटी छपरे बसविण्यात आली आणि सापडलेल्या वस्तूंसाठी जागेवरच एक लहान वस्तुसंग्रहालय बांधण्यात आले. हे संग्रहालय व त्याला लागून असलेले निवासस्थान व्हिलाच्या प्रांगणातच उभे आहे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही जागा गैरसोयीची असली, तरी एकोणिसाव्या शतकातील वारसाजतनाचा नमुना म्हणून आता तीही जपली जाते.

लोकवर्गणीतून निधी जमवून १९२४ मध्ये हे स्थळ नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपविण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक इअन रिचमंड यांनी १९५८ ते १९६५ या काळात येथे शास्त्रशुद्ध उत्खनन करून बांधकामाचे टप्पे ठरविण्याचा पाया घातला. त्यांच्या निधनामुळे हे काम अपुरे राहिले. मधल्या काळात उत्खननाची पद्धती आमूलाग्र बदलली होती. मातीचे थर एकेक करून सोडवीत जाणे आणि प्रत्येक वस्तूची थरानुसार नोंद करणे, ही स्तरमीमांसेची पद्धत मॉर्टिमर व्हीलर व त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनी ब्रिटनमधील व्हेरुलेमियम (१९३०–३४) व मेडन कॅसल (१९३४–३७) येथील उत्खननांत विकसित केली. पुढे १९४४ मध्ये व्हीलर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले, तेव्हा हीच पद्धत त्यांनी भारतात रूढ केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्ववेत्ते ह. धी. सांकलिया यांनी विद्यार्थिदशेत मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या हाताखाली काम केले होते. कोल्हापूर व नेवासे येथील त्यांची उत्खनने या अर्थाने त्याच परंपरेतील होत.

वास्तुरचना : व्हिलाची रचना एका दृष्टिक्षेपात कळणारी आहे. दरीचे तोंड पूर्वेकडे उघडते. उरलेल्या तिन्ही बाजूंना उतार आहेत. या उतारांच्या पायथ्याशी पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना दालनांच्या लांब ओळी असून त्यांच्यापुढे खांबांच्या ओवऱ्या होत्या. मध्ये वरचे व खालचे अशी दोन प्रांगणे होती. आपल्याकडील चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी ही मांडणी आहे. मात्र वाड्याचे चौक चारही बाजूंनी बंदिस्त असतात. येथे पूर्वेकडून खोऱ्याचे दृश्य दिसेल, अशी योजना होती.

ही रचना एकाच वेळी सिद्ध झालेली नाही. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम व दक्षिण बाजूंस दोन स्वतंत्र इमारती आणि उत्तरेस स्नानगृह, एवढेच बांधकाम होते. तिसऱ्या शतकात आगीमुळे हानी झालेल्या भागांची पुनर्बांधणी व विस्तार झाला. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ओवऱ्यांनी सर्व इमारती एकमेकींना जोडण्यात आल्या आणि आतले प्रांगण बागेसाठी वेगळे करण्यात आले. त्याच सुमारास कुट्टिमचित्रांच्या फरशा घालण्यास प्रारंभ झाला. शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडील ओळ वाढवून तेथे आणखी प्रशस्त दालने बांधण्यात आली. भिंती स्थानिक चुनखडकाच्या असून त्यांवर आतून रंगीत गिलावा होता. छपरांवर चपट्या दगडी कौलांचे आच्छादन होते. दक्षिण बाजूस स्वयंपाकघर व शौचकूप होते.

थंड हवामानावर उपाय म्हणून मुख्य दालनांत ‘हायपोकॉस्ट’ ही फरशीखालून ऊब देण्याची व्यवस्था होती. फरशी लहान लहान खांबांवर उचललेली असे. वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस याने या खांबांची उंची दोन फूट सांगितली आहे. भिंतीबाहेरच्या भट्टीत लाकडे जाळली, की उष्ण हवा या पोकळीतून फिरे आणि भिंतींत बसविलेल्या पोकळ विटांमधून वर जाई. चेडवर्थ येथे हे खांब काही ठिकाणी उघडे दिसतात. ही सोय मालकाच्या दृष्टीने आरामदायी असली, तरी भट्टीपाशी दिवसरात्र बसून जळण पुरविणारा माणूस असल्याखेरीज ती चालत नसे.

स्नानगृहे : चेडवर्थ येथे दोन स्वतंत्र स्नानगृहे आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पश्चिमेकडील स्नानगृह दमट उष्णतेच्या पद्धतीचे आहे. कपडे उतरविण्याची खोली, शीत कक्ष, कोमट कक्ष व उष्ण कक्ष अशा क्रमाने स्नान करणारा पुढे जाई आणि शेवटी थंड पाण्याच्या कुंडात बुडी घेई. उत्तरेकडील स्नानगृहाचे पुढे कोरड्या उष्णतेच्या स्नानगृहात रूपांतर करण्यात आले. रोमन समाजात स्नान हा केवळ शरीरशुद्धीचा विधी नव्हता. पाहुण्यांशी गप्पा, व्यवहाराच्या गोष्टी आणि भोजनापूर्वीचा विसावा यांचे ते स्थान होते. एका खाजगी घरात दोन प्रकारची स्नानगृहे असणे हे मालकाच्या संपत्तीचे आणि पाहुण्यांच्या वर्दळीचेही द्योतक आहे.

कुट्टिमचित्रे : चेडवर्थची कीर्ती मुख्यतः येथील कुट्टिमचित्रांवर अधिष्ठित आहे. त्यांसाठी लागणारे चौकोनी तुकडे बव्हंशी जवळपासच्या सामग्रीतून घडविलेले आहेत : पांढऱ्या व करड्या छटांसाठी चुनखडक, तपकिरी रंगासाठी वालुकाश्म आणि तांबड्या रंगासाठी विटा व कौले. कोरिनियम नगरात चौथ्या शतकात कुट्टिमचित्रकारांच्या कर्मशाळा होत्या आणि परिसरातील अनेक व्हिलांच्या फरशा त्यांनी घातल्या. वुडचेस्टर येथील ऑर्फियसची विशाल फरशी ही याच परंपरेतील श्रेष्ठ कृती होय.

चेडवर्थ येथील सर्वोत्तम फरशी पश्चिमेकडील भोजनदालनात आहे. तिचा विषय मद्यदेवता बॅकस आणि त्याचा परिवार हा असून कोपऱ्यांत चार ऋतूंच्या बालमूर्ती होत्या. त्यांपैकी शरद ऋतूची आकृती नष्ट झाली आहे. इतर ऋतू भूमध्य समुद्राकाठच्या प्रघाताला अनुसरून काढलेले आहेत. शिशिराची आकृती मात्र वेगळी आहे. अंगात उबदार पोशाख, डोक्यावर टोपी जोडलेला आखूड झगा, एका हातात पकडलेला ससा आणि दुसऱ्या हातात निष्पर्ण फांदी, असे तिचे रूप आहे. हा टोपीचा लोकरी झगा ब्रिटनचा प्रसिद्ध माल होता. डायोक्लिशन या सम्राटाने इ. स. ३०१ मध्ये काढलेल्या वस्तूंच्या दरपत्रकात त्याचा उल्लेख येतो. रोमन कथाविषयाच्या चौकटीत स्थानिक चित्रकाराने ओळखीचा हिवाळा बसविला, असे या आकृतीविषयी म्हणता येईल.

निर्झर, देवता व धर्म : व्हिलाच्या वायव्य कोपऱ्यात, उतारातून झिरपणाऱ्या झऱ्यावर एक अष्टकोनी कुंड बांधलेले आहे. हाच व्हिलाचा पाणीपुरवठा होता आणि त्याची जागा येथे घर बांधण्याचे कारणही असावी. रोमन प्रथेप्रमाणे अशा ठिकाणी जलदेवतांची पूजा होई. कुंडाच्या काठाच्या शिळांवर खाय व ऱ्हो या ग्रीक अक्षरांचे संयुक्त चिन्ह कोरलेले आढळले. ख्रिस्त या नावाच्या ग्रीक रूपातील ही पहिली दोन अक्षरे असून काँस्टंटाइनच्या काळापासून ती ख्रिस्ती धर्माची निशाणी बनली. त्यावरून चौथ्या शतकात घरातील कोणी ख्रिस्ती झाले असावे व कुंडाला नवा धार्मिक अर्थ दिला गेला असावा, असे अनुमान करतात. या शिळा पुढे जागेवरून काढून अन्यत्र वापरल्या गेल्याचे दिसते. हा धर्मनिष्ठेतील बदल की केवळ दगडांचा पुनर्वापर, याविषयी निश्चित निर्णय करता येत नाही. मूर्तिपूजेचे अवशेषही येथे विपुल आहेत. लेनस मार्स या, मुळात गॉलमध्ये पूजिल्या जाणाऱ्या देवतेचे नाव कोरलेला एक लहान दगड व अनेक छोट्या वेदी येथे मिळाल्या आहेत. शिवाय नदीच्या दिशेने काही अंतरावर एका रोमन मंदिराचे अवशेष होते.

या पुराव्याच्या आधारे ग्रॅहम वेब्स्टर यांनी १९८३ मध्ये एक वेगळे मत मांडले. दोन स्नानगृहे, पवित्र निर्झर, जवळचे मंदिर आणि नवसाच्या वस्तू पाहता चेडवर्थ हे एखाद्या जमीनदाराचे घर नसून यात्रेकरूंचे विश्रामस्थान असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर बरीच चर्चा झाली. घरातील वेदी, निर्झराची पूजा व मोठी स्नानगृहे इतर श्रीमंत व्हिलांमध्येही आढळतात, असा आक्षेप घेण्यात आला आणि आज बहुतेक अभ्यासक ही वास्तू व्हिलाच होती, असे मानतात. तरीही या वादाचा उपयोग झाला. घर, देवस्थान व सत्तास्थान अशी आधुनिक वर्गवारी रोमन काळातील वास्तूंना काटेकोरपणे लागू पडत नाही, याची जाणीव त्यामुळे अधिक स्पष्ट झाली.

मालक व कष्टकरी : चेडवर्थच्या मालकाचे नाव अज्ञात आहे. तो कोरिनियमच्या नगरसभेशी वा प्रांताच्या शासनाशी संबंधित असावा, असा तर्क त्याच्या ऐश्वर्यावरून करतात. या ऐश्वर्याची साधनसामग्री ज्या शेतीतून व मेंढ्यांच्या कळपांतून आली, त्यांविषयी अवशेषांतून फार थोडी माहिती मिळते. कारण उत्खननाचा भर दीर्घकाळ निवासी भागावरच राहिला. धान्याची कोठारे, गोठे आणि कामकऱ्यांच्या झोपड्या लाकडामातीच्या असत. त्यांच्या खुणा मातीच्या रंगातील फरकापुरत्याच उरतात आणि १८६४ च्या उत्खननपद्धतीला तो फरक दिसण्यासारखा नव्हता.

चौथ्या शतकातील पश्चिम साम्राज्यात मोठ्या जमिनी बव्हंशी कुळांकडून कसल्या जात. या कुळांचे स्वातंत्र्य क्रमाक्रमाने संकुचित होत गेले. इ. स. ३३२ मध्ये काँस्टंटाइनने काढलेल्या कायद्याने, दुसऱ्याच्या जमिनीवर पळून गेलेल्या कुळास मूळ ठिकाणी परत पाठवावे आणि पळण्याच्या बेतात असलेल्यास गुलामाप्रमाणे बेड्या घालाव्यात, असे ठरविले. ब्रिटनमध्ये हा कायदा कितपत अमलात आला, हे सांगणारा पुरावा तुटपुंजा आहे. परंतु चेडवर्थची ऋतूंची फरशी आणि हा कायदा एकाच शतकातील होत. बागेभोवतीच्या ओवरीतून जाणारे पाहुणे आणि भट्टीच्या तोंडाशी बसलेला नोकर यांच्यातील अंतर मोजण्यासाठी ही नोंद उपयुक्त ठरते.

रोमन ब्रिटनच्या अंताचा प्रश्न : पाठ्यपुस्तकांतून रोमन ब्रिटनच्या अखेरीचे वर्ष साधारणतः इ. स. ४१० दिले जाते. पाचव्या शतकाच्या प्रारंभी सैन्य खंडाकडे गेले आणि साम्राज्याचे शासन संपुष्टात आले, हे खरे आहे. त्यानंतर नगरे ओसाड पडली, व्हिला मोडकळीस आले आणि कारागिरी लयास गेली, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. चेडवर्थचा अंतही चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच झाला, असे गृहीत धरले जाई.

या समजुतीमागे पुराव्याची एक अडचण दडलेली होती. रोमन स्थळांचा काळ प्रामुख्याने नाणी व मृत्पात्रे यांवरून ठरविला जातो. सैन्याचा पगार थांबल्यामुळे ब्रिटनला होणारा नव्या नाण्यांचा पुरवठा इ. स. ४०२ च्या सुमारास जवळजवळ बंद पडला. मोठ्या प्रमाणावर मृत्पात्रे बनविणारे उद्योगही त्यानंतर थोड्याच वर्षांत बसले. लोक जुनी नाणी व जुनी भांडी वापरीत राहिले, किंवा लाकडी भांड्यांवर भागवू लागले. परिणामी इ. स. ४१० नंतर एखाद्या घरात पन्नास वर्षे वस्ती राहिली असली, तरी ती ओळखण्याची खूण पुरातत्त्वज्ञाच्या हाती उरत नाही. नाण्यांचा अभाव म्हणजे माणसांचा अभाव, असा निष्कर्ष त्यातून नकळत काढला गेला. त्यातच जे वरचे थर याविषयी काही सांगू शकले असते, ते अनेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील उत्खननांत काढून टाकले गेले होते.

चेडवर्थ येथे नॅशनल ट्रस्टने २०१० नंतरच्या दशकात उत्तरेकडील ओळीचे नव्याने उत्खनन केले. तेथील अठ्ठावीस क्रमांकाच्या दालनात गोल आकृत्या, फुले व गाठींची नक्षी असलेली एक फरशी आहे. हे दालन एका मोठ्या जागेत आडवी भिंत घालून तयार केलेले होते. या भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा व हाडांचे तुकडे अडकलेले सापडले. किरणोत्सर्गी कार्बन कालमापनाने ते तपासले असता, ही भिंत इ. स. ४२४ पूर्वी बांधलेली असणे शक्य नाही, असे निष्पन्न झाले. फरशी दालनाच्या मापाने घातलेली असल्यामुळे ती भिंतीच्याही नंतरची ठरते. पुरातत्त्ववेत्ते मार्टिन पॅपवर्थ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या संशोधनाचा निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. पाचव्या शतकात घातलेली असे निश्चितपणे ठरविता आलेले ब्रिटनमधील हे पहिलेच कुट्टिमचित्र होय.

या शोधाचा अर्थ लावताना दोन टोके टाळली पाहिजेत. रोमन जीवन येथे पूर्ववत चालू राहिले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. या फरशीची कारागिरी चौथ्या शतकातील फरशांहून निकृष्ट असून नक्षीत चुकाही आहेत; कसबी कारागीर दुर्मिळ होत चालल्याचे ते लक्षण मानतात. तथापि, साम्राज्य गेल्यानंतर किमान चौदा वर्षांनी, कदाचित त्याहून बऱ्याच नंतर, या घराच्या मालकाला नवे दालन सजवावेसे वाटत होते. त्यासाठी लागणारी साधने त्याच्याजवळ होती आणि हे काम जाणणारे कोणीतरी हयात होते, एवढे निर्विवाद आहे. ब्रिटनचा पश्चिम भाग अँग्लो-सॅक्सन आक्रमणांपासून पुष्कळ काळ मुक्त राहिला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या बखरीनुसार इ. स. ५७७ मध्ये डिरॅमच्या लढाईनंतर सायरेन्सेस्टर, ग्लॉस्टर व बाथ ही नगरे सॅक्सनांच्या हाती गेली. तोपर्यंतच्या दीडशेहून अधिक वर्षांत जुन्या जमीनदार घराण्यांपैकी काहींनी आपली सत्ता व जीवनपद्धती अंशतः टिकविली असावी, या मताला चेडवर्थमुळे दृढ आधार मिळाला. साम्राज्याचा शेवट ही एका वर्षाची घटना नसून प्रदेशपरत्वे कमीअधिक वेगाने झालेला ऱ्हास होता, असे आता मानले जाते.

जतन : उघडे पडलेले अवशेष जमिनीखालच्या अवशेषांपेक्षा झपाट्याने झिजतात. चेडवर्थ येथे उतारातील ओल, गोठणारे पाणी, झाडांची मुळे आणि शेवाळ यांचा उपद्रव सतत होत आला आहे. एकोणिसाव्या शतकातील छपरे अपुरी ठरू लागल्यामुळे पश्चिमेकडील ओळीवर नवी संरक्षक वास्तू उभारण्यात आली व ती २०१२ मध्ये खुली झाली. तीत फरशांवर पाय न ठेवता, वर टांगलेल्या मार्गिकांवरून त्या पाहण्याची सोय आहे. जे भाग छपराखाली घेणे शक्य नाही, ते अभ्यासानंतर पुन्हा मातीखाली झाकून ठेवण्याचे धोरण येथे अवलंबिले जाते. उत्तरेकडील फरशांच्या बाबतीत हाच मार्ग पत्करण्यात आला. प्रेक्षकांना ते कदाचित निराशाजनक वाटेल. परंतु दीड हजार वर्षे मातीनेच त्या राखल्या होत्या.

व्हिलाच्या परिसरात आजही मोठ्या आकाराच्या एका जातीच्या गोगलगायी आढळतात. रोमन लोक त्या खाण्यासाठी पाळीत आणि त्यांनीच त्या ब्रिटनमध्ये आणल्या, असे मानले जाते.

महत्त्व : चेडवर्थ येथील अवशेषांतून रोमन ब्रिटनमधील ग्रामीण श्रीमंतीचे सुमारे तीन शतकांचे चित्र साकार होते. साध्या शेतघरापासून प्रासादापर्यंतची वाढ, मूर्तिपूजा व ख्रिस्ती धर्म यांचे सान्निध्य, रोमन कलेला मिळालेले स्थानिक वळण आणि साम्राज्याच्या आश्रयाविना काही काळ टिकून राहिलेली वस्ती, असे या चित्राचे अनेक पैलू आहेत. पुरातत्त्वविद्येच्या इतिहासातही या स्थळाचे महत्त्व आहे. १८६४ मध्ये ज्या मातीला कचरा समजून फेकून दिले गेले, तिच्यातच या घराच्या अखेरच्या पिढ्यांचा इतिहास होता. आणि जो थोडा भाग एका भिंतीच्या पायाखाली चुकून राहून गेला, त्याने दीड शतकानंतर एक दृढमूल समजूत बदलली. घराच्या मालकाचे नाव आणि त्याच्या शेतात राबणाऱ्यांचे जीवन मात्र अद्याप अंधारात आहे. व्हिलाभोवतीच्या शेतजमिनीचा बराच भाग अजून उत्खननाविना राहिला असून पुढील संशोधनाची दिशा तीच असणे क्रमप्राप्त आहे.